कान नसलेली 'साइडवाइंडर' आणि गेलेले 24,920 रुपये

जुनी रेकॉर्ड विकत घेताना फसलो, त्याचा आधी हिशोब. टोकन 5,000, दुसऱ्या दिवशी सकाळी 19,500, कुरियरचे 420. एकूण 24,920 रुपये. कुरियरचा आकडा तरी बोलका होता, तोही डोळ्यांत शिरला नाही.

रेकॉर्ड कोणती? जाझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर', ब्लू नोट कंपनीची, मोनो, क्रमांक 4157. रेकॉर्डिंग डिसेंबर 1963 चं, बाजारात आली 1964 मध्ये. 'फर्स्ट प्रेसिंग, कानासकट', म्हणजे पहिल्या खेपेत दाबलेली, असं विकणाऱ्याने छातीठोक लिहिलं होतं. आली ती ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यानंतरची, बिनकानाची. चालू भावाने तिचे आठ-नऊ हजार फार झाले.

नवख्यांना 'कान' कळत नाही आणि हे लोक त्याचंच खातात, म्हणून सांगतो. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी उरते, ती डेड वॅक्स. जुन्या ब्लू नोटच्या रेकॉर्डी न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्यात दाबल्या जायच्या. तो कारखाना या पट्टीत तिरका 'पी' उमटवायचा. बारीकसा, थेट कानासारखा दिसणारा. 1966 मध्ये लिबर्टीने ब्लू नोट विकत घेतली, छपाई दुसरीकडे गेली आणि कान गेला. पण जुनी लेबलं आणि कव्हरं शिल्लक होती, ती नव्या मालावर वापरून संपवली. त्यामुळे 'न्यूयॉर्क यूएसए' लेबल खरं, कव्हर खरं, तरी प्रेसिंग नंतरचं, असं होतं. त्याच पट्टीतल्या 'व्हॅन गेल्डर' शिक्क्यावरही भुलू नका. तो ध्वनिमुद्रण करणारे रूडी व्हॅन गेल्डर मूळ लॅकरवर, म्हणजे जिच्यावरून साचे बनतात त्या तबकडीवर, मारायचे, त्यामुळे त्या लॅकरवरून पुढे दाबलेल्या प्रत्येक प्रतीत तो येतो. शिक्का आहे आणि कान नाही, तर ती पहिली नव्हे. विषय संपला.

हे सगळं मला ठाऊक होतं. लाज त्याचीच वाटते.

विकणाऱ्याने सहा फोटो पाठवले. कव्हर पुढून, मागून, दोन्ही लेबलं, आतली पिशवी आणि कान. कानाचा फोटो अगदी जवळून घेतलेला. कान आणि 'व्हॅन गेल्डर' स्पष्ट, कोपऱ्यात केसासारखा एक ओरखडा. पण 4157 हा आकडा चौकटीबाहेर. लेबलची कडसुद्धा नाही! म्हणजे तो कान जगातल्या कुठल्याही ब्लू नोट रेकॉर्डचा असू शकत होता. मी तो फोटो मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा कानच पाहत बसलो.

दुसरी खूण तर उघड्यावर पडली होती. आतल्या पिशवीवर 'ब्लू नोटची 27 वर्षं' असं छापलेलं. कंपनी सुरू झाली 1939 मध्ये. त्यात 27 मिळवा, 1966 येतं. 1964 च्या रेकॉर्डला 1966 ची पिशवी! आता कुणी म्हणेल, पिशव्या अदलाबदल होतातच. होतात, मीही मनाची तीच समजूत घातली. साठ वर्षांत रेकॉर्ड दहा हातांतून फिरते, पिशवीवरून सौदा कोण मोडतो? पण पिशवी संशयास्पद असताना कानाचा दुसरा फोटो मागायला माझं काय जात होतं? 'अजून दोघं रांगेत आहेत' असं तो म्हणाला आणि मी पैसे पाठवून मोकळा झालो.

फोटो मागाल तर लेबलची कड, क्रमांक आणि कान एकाच चौकटीत मागा. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ: टॉर्च आडवी धरून रेकॉर्ड सावकाश फिरवायची, दोन्ही बाजू. वरून सरळ प्रकाश टाकला की कान दिसत नाही, हे कारण खरं असतं. टॉर्च आडवी धरायला नकार देणारा खरा नसतो.

आता तक्रारीची कथा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी आहे. बरोबर आहे, फसवणूकच यशस्वी झाली. ग्राहक तक्रारीसाठी विचारलं तर बिल मागितलं. बिल कुठून आणू, विकणारा 'हौशी संग्राहक'! पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, 'माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.' तिसऱ्यांदा मी रेकॉर्डच घेऊन गेलो, टॉर्च मारून दाखवली. हवालदारांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, 'वाजते का?' वाजते. 'मग?' जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, खोटं सांगून पैसे काढले की ते लागू व्हायला हवं, हे मी तिथे उभ्याने समजावत होतो. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. माल आलाच नाही तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करता येतो. माल आला पण वेगळाच आला, की तुम्ही लोंबकळत राहता.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, म्हणून 'तुम्हीच रेकॉर्ड बदललीत' हेही ऐकून घेतलं. टोकन देऊ नका. शहरातलाच विकणारा असेल तर टॉर्च घेऊन स्वतः जा. आणि फक्त ऐकायचंच असेल तर केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून मास्टर केलेल्या 180 ग्रॅमच्या नव्या आवृत्त्या घ्या, आवाजाला तोड नाही. कानाचे पैसे वेगळे असतात आणि ते कान पाहिल्यावरच द्यायचे.

परवा एका वेगळ्याच नावाच्या खात्यावर जाझ सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीची रेकॉर्ड दिसली, 31,000 ला. पाचवा फोटो कानाचा. क्रमांक चौकटीबाहेर, कोपऱ्यात तोच केसासारखा ओरखडा.