बॅटरी काढती की बसवलेली? खान्देशातल्या उन्हात इलेक्ट्रिक मोटारसायकल घेताना

आमच्या अंगणात सध्या दोन इलेक्ट्रिक मोटारसायकली उभ्या असतात. माझ्या गाडीची बॅटरी काढून घरात नेता येते, धाकट्या भावाच्या गाडीची आतच बसवलेली आहे. गरज पडेल तशी आम्ही एकमेकांची गाडी नेतो, त्यामुळे दोन्हींवर हात बसला आहे. पेट्रोलवरची घ्यावी की लाइटवरची, हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून लिहितो. पिकअप, टॉप स्पीड, मोबाइलवरचं अ‍ॅप हे सगळं शोरूमवाले सांगतातच. बॅटरी काढती असावी की नाही, यावर मात्र ते दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात राहणाऱ्याने माझ्या मते हेच आधी ठरवावं.

आमच्या गाड्या कोणत्या कंपनीच्या ते सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीच. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. रिव्होल्टच्या आरव्ही 400 ची बॅटरी 3.24 किलोवॉट-तासांची, म्हणजे तितकी युनिट वीज मावणारी, आणि काढता येणारी. ओबेनची रोर 4.4 ची, बसवलेली. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ 77 ला मोठी बॅटरी घेतली तर 10.3, तीही बसवलेली. हे आकडे असे का, ते उघड आहे. काढती बॅटरी माणसाला उचलता आली पाहिजे, म्हणून ती लहानच ठेवावी लागते. बसवलेलीला ते बंधन नाही.

म्हणून एका दमात लांब जायचं असेल तर बसवलेलीच पुढे, यात वाद नाही. चोपड्याहून जळगावला जाऊन, कामं आटोपून, मध्ये कुठेही वायर न लावता परत यायचं असेल, तर मी भावाचीच गाडी मागतो. माझी गाडीही पोचवते, पण परतीला डोळा सारखा टक्क्यांवर राहतो. कंपनी सांगते त्या अंतरातून तिसरा हिस्सा मनातच वजा करावा, असा माझा अनुभव. समोरून वारा असेल आणि मागे माणूस बसला असेल तर आणखी थोडं. बसवलेली बॅटरी घट्ट बसते, तिची जोडणी रोज काढा-घालायची नसते, त्यामुळे पिना झिजणं आणि त्यात धूळ बसणं हे प्रश्नच येत नाहीत. शिवाय काही बसवलेल्या बॅटऱ्या एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या मिळतात. हा प्रकार तितक्याच विजेसाठी वजनाला जास्त, पण उष्णता अधिक सोसणारा आणि टिकायला चांगला. कागदावर पाहिलं तर आपल्याकडच्या हवेला हीच बॅटरी शोभते. मलाही आधी तसंच वाटत होतं.

आता उन्हाळ्यातल्या दुपारकडे येतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

माझं काम ठिबकचं. केळीच्या बागांत जायचं, नळ्या बघायच्या, फिल्टर धुवून द्यायचे, कुठे दाब बसत नसेल तर व्हॉल्व्ह तपासायचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 पर्यंत जाणं नवलाचं नाही. त्या दिवसांत खान्देशात दिवसाचे सरळ दोन तुकडे पडतात. पहाटे निघायचं, अकरा-साडेअकराला घर गाठायचं, जेवून पडायचं आणि ऊन कललं की पुन्हा निघायचं. शेतकरी असो, मजूर असो की दुकानदार, सगळ्यांचा हाच क्रम. म्हणजे गाडी घरी, प्लगजवळ, चार-पाच तास उभी राहते ती नेमकी दुपारी. संध्याकाळच्या फेरीसाठी बॅटरी तेव्हाच भरून घ्यायची असते.

आणि नेमकी तेव्हाच बसवलेली बॅटरी चार्ज घ्यायला तयार नसते.

भावाची गाडी मी मे महिन्यात नेतो तेव्हा दरवेळी हेच होतं. अडावद-धानोऱ्याकडून फेरी मारून येतो, गाडी पत्र्याच्या शेडखाली लावतो, वायर जोडतो. चार्जरचा पंखा घरघरतो, दिवा लागतो आणि थोड्याच वेळात सगळं शांत. पडद्यावर तापमानाची खूण. सीटखालच्या पत्र्याला हात लावला तर तो धरवत नाही. गाडी बिघडलेली नाही, ती स्वतःला सांभाळते आहे. लिथियमच्या पेशी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असं मानतात. त्यापुढे चार्ज केलं तर आतला रसायनांचा थर खराब होत जातो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून तिचं नियंत्रण चार्जिंग रोखून धरतं. चालवायला मर्यादा जास्त असते, म्हणून रस्त्यावर काही जाणवत नाही. एलएफपी असली तरी चार्जिंगच्या बाबतीत सुटका नाही. ती पेटायला अवघड, पण तापल्यावर लगेच चार्ज घेते असं समजू नका. आणि आपल्याकडे शेडखालची हवाच 44-45 असेल, वर पत्रा तापलेला असेल, तर ती थंड व्हायची कशी? भाऊ उन्हाच्या बाजूने ओलं गोणपाट टांगतो. त्याने थोडा फरक पडतो, पण चार्जिंग सुरू व्हायला दिवस कलावा लागतो. तोवर माझी निघायची वेळ झालेली असते. शेजारचे आबा एकदा येऊन विचारून गेले, "काय भो, गाडीले ताप उना का?" तापच तो.

माझ्या गाडीचं सांगतो. आलो की गाडी शेडमध्ये तशीच राहते, बॅटरी तेवढी काढून मधल्या खोलीत आणतो. शहाबादी फरशीवर ठेवतो, कूलरचा झोत तिच्यावरून जाईल अशी. पाणी उडणार नाही इतक्या अंतरावर. लगेच प्लग लावत नाही. हातपाय धुतो, जेवतो, तोवर वरचं आवरण हाताला नुसतं कोमट लागतं. मग जोडली की ती मुकाट्याने भरत राहते. पाच वाजता उचलायला जातो तेव्हा बहुतेक वेळा पुरेशी भरलेली असते. पूर्ण शंभर होण्याची वाटही मी पाहत नाही. उन्हात फिरणारी बॅटरी गच्च भरून तापत ठेवणं तिला मानवत नाही.

मी काही मोजणी केलेली नाही. पण एक गोष्ट मनाला पटते. माझी बॅटरी दिवसाचे सगळ्यात कडक तास घराच्या सावलीत काढते, भावाची पत्र्याखाली. दोन्ही सारख्याच वयाच्या झाल्यावर कोण किती थकलेली असेल, याचा माझ्यापुरता अंदाज मला आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती हलकी नाही, अगदी शब्दशः. अशा बॅटरीचं वजन अठरा-वीस किलोंच्या आसपास असतं. वर धरायला कडी असते, पण ती बोटांत रुतते. काढताना गाडी स्टँडवर सरळ उभी हवी, गुडघ्यात वाकून उचलायची, कमरेतून नाही. घर तळमजल्याचं म्हणून मला जमतं. आमच्या आईला किंवा बायकोला मी ती उचलू देत नाही, त्यामुळे मी गावाला गेलो की माझी गाडी नुसती उभी. जळगावात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा हे ओझं चढवणं-उतरवणं विचार करून स्वीकारा. कनेक्टरही जपावा लागतो. आपल्याकडची मातीची बारीक धूळ पिनांत बसते. कोरड्या ब्रशने ती झाडायची आणि जोडताना शेवटपर्यंत दाबून कडी लावायची. पिन सैल राहिली तर तिथे गरम होऊन ती काळी पडते.

घरात बॅटरी आणण्याची भीती अनेकांना वाटते, आणि ती खोटी नाही. 2022 च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक दुचाक्या पेटल्याच्या घटना एकापाठोपाठ घडल्या. विजयवाड्यात घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस 156 हे नियम कडक केले आणि ते डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून जुन्या, त्याआधी बनलेल्या बॅटरीची गाडी स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही. आणि नवी असली तरी झोपायच्या खोलीत नाही, दाराच्या वाटेत नाही, गादी-पडद्याजवळ नाही, रात्री सगळे झोपल्यावर तर मुळीच नाही. बॅटरी जोराने पडली असेल, फुगली असेल, वेगळा वास येत असेल तर ती घरात आणायचीच नाही. हे पाळणं ज्याला जमणार नाही त्याने बसवलेली घ्यावी. तिथे निदान जे काही होईल ते घराबाहेर होईल.

लाइटचं म्हणाल तर दोघांनाही सारखाच त्रास. उन्हाळ्यात कूलर-एसीच्या भाराने डीपी उडते आणि वायरमन येईपर्यंत वाट बघावी लागते. फरक एवढाच की गल्लीत लाइट नसेल तर मी बॅटरी उचलून चौकातल्या मित्राच्या दुकानात नेऊन लावतो. भावाला गाडीच न्यावी लागते, आणि दुकानदार दारात गाडी उभी करू देईलच असं नाही. अर्थिंग मात्र दोन्हींसाठी आधी करून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते. अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा आणि चांगली तार यांवर होणारा खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. शेतातल्या पंपाच्या जोडणीवर गाडी लावायचा मोह टाळा. ती जोडणी शेतीपंपासाठी दिलेली असते आणि तिथला विजेचा दाब (व्होल्टेज) वर-खाली होत राहतो.

पावसाळा आणि हिवाळ्यात दोन्ही गाड्यांमध्ये मला फारसा फरक जाणवत नाही. खरं तर तेव्हा भावाचीच सोयीची, आली की वायर लावली आणि विसरली. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची, एकदाच जाणं-येणं, नंतर रात्री निवांत चार्जिंग. त्याला दुपारी बॅटरी भरते की नाही याने काही बिघडत नाही. तो त्याच्या गाडीवर खूश आहे आणि त्याचं बरोबरच आहे. हा आढावा त्याने लिहिला असता तर झुकतं माप दुसरीकडे गेलं असतं, हे मान्य करतो.

पण ज्याचा दिवस उन्हाळ्यात दोन फेऱ्यांचा आहे, त्याला मी काढती बॅटरीच सुचवीन. दूधवाला, औषधांचा विक्रेता, केळी-कापसाचा व्यापारी, बागाईतदार, सगळ्यांनाच. जास्त अंतर देणारी बॅटरी दुपारी भरतच नसेल, तर ते जास्तीचं अंतर संध्याकाळी माझ्या उपयोगाचं नाही.

घ्यायचीच असेल तर दिवाळीच्या गार हवेत चाचणी फेरी मारून समाधान मानू नका. ओळखीतल्या एखाद्याकडे ती गाडी असेल तर मे महिन्यात दुपारी बाराला त्याच्या घरी जा आणि वायर लावून काय होतं ते समोर बघा. शोरूममध्ये बॅटरी काढायला सांगा, स्वतः उचला आणि तिथलाच जिना चढून-उतरून बघा. वर पोचल्यावर दम लागला तर चालेल, पण हात सुटतो की काय असं वाटलं तर काढतीचा विचार सोडा. मग बसवलेलीच घ्या आणि शेडवर पत्र्याऐवजी नारळाच्या झावळ्या किंवा कडबा टाका. त्याखालची दुपार पत्र्यापेक्षा बरीच सुसह्य असते.