देवगडच्या आंबाविक्रीत बिलिंग पत्त्याची पडताळणी

देवगडहून घरपोच हापूस पाठवणाऱ्या आमच्या दुकानाच्या संकेतस्थळावर गेल्या हंगामापासून पेमेंट गेटवेची (कार्डाचे पैसे ऑनलाइन स्वीकारून देणाऱ्या सेवेची) बिलिंग पत्ता पडताळणी सुरू आहे आणि परदेशी कार्डांपुरती ती ठेवावी, असे माझे मत झाले आहे. देशातल्या कार्डांना तिची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा प्रमाणीकरण सक्तीचे केले असल्याने तिथे ओटीपी आहेच.

आमचे नेहमीचे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे न्यू जर्सीतला मुलगा, ज्याची पेटी डोंबिवलीला आईवडिलांकडे जायची असते. बिलाचा पत्ता एक आणि पोहोचवण्याचा दुसरा, म्हणजे काहीतरी काळेबेरे, असे समजून काही विक्रेते अशा ऑर्डरी रद्द करतात. वास्तविक ही सेवा त्या दोन पत्त्यांची तुलना करतच नाही. ग्राहकाने लिहिलेला बिलाचा पत्ता कार्ड देणाऱ्या बँकेच्या नोंदीशी जुळतो का, एवढेच ती तपासते आणि तेही मुख्यतः घरक्रमांक व झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) यांतल्या आकड्यांपुरते. (आपल्या ‘मु. पो., खालची वाडी’ छापाच्या पत्त्यांत पिन कोडाखेरीज तिच्या हाती काय लागले असते, कोण जाणे.) उत्तर व्यवहाराला बँकेने दिलेल्या मंजुरीसोबतच एका अक्षरात येते: ‘वाय’ म्हणजे दोन्ही जुळले, ‘झेड’ म्हणजे फक्त झिप कोड जुळला, ‘एन’ म्हणजे काहीच जुळले नाही. ‘झेड’ आल्यास आम्ही ग्राहकाला फोन करतो. ‘एन’ असून ऑर्डर मोठी आणि घाईची असेल, तर पेटी भरतच नाही. हापूस काही परत मागवून पुन्हा विकता येत नाही आणि खऱ्या कार्डधारकाची तक्रार चार्जबॅकच्या, म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून पैसे परत घेण्याच्या, रूपाने येते ती बहुधा हंगाम आटोपल्यावर, जेव्हा पेटीही गेलेली असते, पैसेही जातात आणि वर शुल्क भरावे लागते. अर्थात चोरलेल्या कार्डासोबत पत्ताही चोरीला गेलेला असू शकतो, त्यामुळे ‘वाय’ आले म्हणून डोळे मिटून माल पाठवू नये.

ही सोय प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांवर चालते, ही तिची मोठी उणीव. कोकणातली कितीतरी घरे आखातातल्या कमाईवर उभी आहेत, पण तिकडच्या कार्डांवर आम्हाला बहुतेक वेळा ‘पडताळणी उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि त्याला नकार मानले तर चांगली गिऱ्हाईके तुटतील. त्यांच्यासाठी थ्री-डी सिक्युअर पद्धत उजवी, कारण तीत ग्राहकाची ओळख बँकच पटवते आणि फसवणुकीचा भार साधारणपणे बँकेकडे जातो.

आमच्या गेटवेत ‘एन’ आल्यावर व्यवहार आपोआप नाकारण्याची सोय आहे. मात्र तोवर बँकेची मंजुरी झालेली असल्याने ग्राहकाची रक्कम अडकून राहते. असे झाल्यावर गेटवेच्या मदत कक्षाने आम्हाला बँकेकडे बोट दाखवले. तेव्हापासून ती सोय बंद ठेवून आम्ही संशयास्पद ऑर्डरी स्वतः तपासतो आणि नाकारायची असेल तर मंजुरी लगेच रद्द करून ग्राहकाला तसे कळवतो.