कॉलेज फुटबॉल २५: अकरा वर्षांनी आलेला गेम आणि आबांचा पट

आधीच सांगतो, हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट बॉल हातात धरून पळायचं, डोक्याला हेल्मेट, खांद्याला पॅड आणि दर पाच-सहा सेकंदाला सगळे एकमेकांच्या अंगावर, तो अमेरिकेतला. त्यातपण प्रोफेशनल नाही, कॉलेजच्या पोरांचा. सांगलीत हा गेम खेळणारे किती असतील म्हणाल तर मला धरून तीन, आणि त्यातला एक आता बेंगलोरला गेलाय.

मला याचा नाद लागला तोच मुळात चुकून. २०१४ ला बारावीत होतो, विश्रामबागला एका गाळ्यात पीएस३ चं पार्लर होतं, तासाला तीस रुपये. तिथल्या काकांनी मुंबईतनं जुन्या डिस्कांचा गठ्ठा आणला, त्यात एकीवर फुटबॉल लिहिलेलं बघून खूश झाले, ती निघाली एनसीएए फुटबॉल १४. पोरांनी लावली, दोन मिनिटात काढली, काकांचा उद्धार केला आणि ती डिस्क ड्रॉवरमध्ये गेली. मी क्लास बुडवून जायचो तेव्हा फिफासाठी नंबर लागलेले असायचे, मग काका म्हणायचे, अरे ते हेल्मेटवालं खेळ की, वीसच दे. असं वीस-वीस करून मी तो खेळ शिकलो. रूल सांगायला कोण नव्हतं. चार चान्स असतात आणि त्यात दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलं की परत चार चान्स, एवढंच कळायला आठवडा गेला. कबड्डीसारखंच आहे म्हणा, एकदा बोनस लाईन कळली की मग सगळं कळतं.

आणि नेमका तोच शेवटचा गेम निघाला. २०१३ ला आला आणि पुढं सिरीज बंद.

का बंद झाली ही स्टोरी मला नंतर कळली आणि ती गेमपेक्षा भारी आहे. एड ओबॅनन म्हणून यूसीएलए कॉलेजचा बास्केटबॉलवाला होता, जुना चॅम्पियन. तो मित्राच्या घरी गेला तर मित्राचं पोरगं व्हिडिओ गेम खेळतंय आणि गेममध्ये हाच. तीच टीम, नंबर ३१, डावखुरा, टक्कल पण तसंच. फक्त नाव नाही. का तर कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत असा तिथला तेव्हाचा नियम, आणि नाव टाकलं की पैसे द्यावे लागणार, म्हणून नाव काढून बाकी सगळा माणूस उचलून गेममध्ये ठेवायचा! कॉलेज कमावणार, गेम काढणारी कंपनी कमावणार आणि ज्याचं तोंड वापरलंय त्याला काय, तर घंटा. त्यानं २००९ ला केस टाकली. पुढं बरंच काय काय झालं, कंपनीनं खेळाडूंशी सेटलमेंट केली आणि गेम काढायचंच बंद केलं. तेव्हा मला कळलं की पार्लरमधल्या गेममध्ये सगळे खेळाडू नुसते नंबर का होते. मी तर समजायचो की अमेरिकेत शर्टावर नावच लिहीत नसतील.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. बैलगाडा शर्यत २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली, २०२१ च्या डिसेंबरला अटी घालून परत चालू झाली आणि २०२३ ला कायद्यावर पक्कं शिक्कामोर्तब झालं. तिकडं पण बघा, २०२१ च्या जुलैपासनं कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी गेम परत येणार म्हणून जाहीर झालं. कारणं वेगळी आहेत, तिकडं पैशाचं आणि इकडं बैलाच्या हालाचं, पण शर्यती बंद पडल्यावर गाड्यावाल्यांचे चेहरे कसे झाले होते ते मी मामाच्या गावाला बघितलंय आणि मला तसंच झालं होतं. एका डिस्कसाठी. असो.

तर १९ जुलै २०२४ ला हा नवा गेम, कॉलेज फुटबॉल २५, आला. ११ हजाराच्या वर पोरांनी आपलं नाव वापरायला होकार दिला, प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी. म्हणजे आपले पन्नासेक हजार. कमी आहेत का जास्त यावर तिकडं पण वाद झाला, माझ्या मते बॅकअपच्या बॅकअपला बरेच आणि स्टार पोराला चिल्लर. पण मुद्दा पैशाचा नाही हो, शर्टाच्या पाठीवर नाव आलं. कव्हरवर तीन पोरं आहेत, कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर, टेक्सासचा क्विन युअर्स आणि मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स, तिघंपण तेव्हा कॉलेजात खेळत असलेले. जुन्या कव्हरवर फक्त कॉलेज संपलेला खेळाडू चालायचा.

माझ्याकडं गेम यायला ऑगस्ट उजाडला. माझा मावसभाऊ टेक्सासला एमएस करतोय, त्याच्या रूममेटची आई परत येताना त्यांच्या बॅगेतनं डिस्क आली, ७० डॉलर म्हणजे जवळजवळ सहा हजार, अजून त्याला दिलेले नाहीत. (दादा, पगार झाला की देतो.) तोपर्यंत जुलैअखेरला इकडं कृष्णेला पाणी चढलेलं, अख्खी सांगली मोबाईलवर आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं ते बघतेय आणि मी रात्री दोनला अमेरिकेतल्या पोरांचे व्हिडिओ बघतोय. आई म्हणाली, गॅलरीतनं खाली बघ जरा, गाडी वर आणून लावायची का ते सांग, तुझं काय चाललंय. मी म्हटलं आई, कोलोरॅडोवाले मॅचच्या आधी ग्राऊंडात खरा बायसन पळवतात आणि तो गेममध्ये घेतलाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गपगुमान गाडी वर आणून लावली.

आता गेम. डिस्क टाकली, अपडेट डाउनलोडला लावलं, लाईट गेली, परत लावलं. रात्री साडेदहाला एकदाचा चालू झाला.

पहिली मॅच मी टेक्सास ए अँड एमच्या ग्राऊंडवर, काईल फील्डला, पाहुणी टीम घेऊन खेळलो. मुद्दाम, कारण कंपनीनं स्वतःच या गेमसाठी अवघड ग्राऊंडांची यादी काढली त्यात ते एक नंबरला होतं. तिथली कपॅसिटी १ लाख २ हजार ७३३. सांगली, मिरज, कुपवाड मिळून पाच लाख माणसं धरा, म्हणजे शहरातला दर पाचवा माणूस एका ग्राऊंडात येऊन ओरडतोय. आणि ते नुसतं बॅकग्राऊंडला नाही. तिसरा चान्स, सात यार्ड पाहिजेत, माझा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, नवखा, फर्स्ट इयरचा, आणि आवाज चढायला लागला तशी स्क्रीन हलायला लागली. आपल्या पोरांनी कुठनं पळायचं ते दाखवणाऱ्या रेषा असतात, त्या सरळ राहायच्या सोडून गांडुळासारख्या वळवळायला लागल्या. म्हणजे पोरगं घाबरलंय आणि त्याला काय दिसत नाहीये, ते मला पण दिसत नाहीये. थर्ड इयरवाल्या अनुभवी पोराला हेच ग्राऊंड एवढं त्रास देत नाही. गर्दीचा असा उपयोग मी कुठल्याच स्पोर्ट्स गेममध्ये बघितला नव्हता, आवाजच विरोधी टीमचा बारावा खेळाडू. तिथल्या पोरांचा तसा रिवाजच आहे म्हणे, अख्खी मॅच उभं राहूनच बघायची, १९२२ पासनं.

आबा मागं येऊन बसलेले मला कळलंच नाही. आबा तालमीतले, कुंडलच्या मैदानात लढलेले, आता गुडघे गेलेत. पाच मिनिटं बघून म्हणाले, "हे लोक खाली का बसंनात?" मी सांगितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे, कुस्ती लागल्यावर कोण बसतंय." आणि मग त्यांनी माझी चूक काढली. मी समोरच्याला पाडायला उजवी स्टिक वर मारायचो, म्हणजे छातीवर धडक, दिसायला एक नंबर पण दांडगा रनर असला की तो धडक खाऊन पुढं निघून जायचा. आबा म्हणाले, "आरं वर काय धरतोस त्याला, खाली जा, पट काढ की." मी स्टिक खाली मारायला लागलो, पायात घुसायचं, आणि खरंच गडी पडायला लागला. आता माझा डिफेन्सचा सगळा कारभार पट काढण्यावर चालतो. ऑनलाईन मात्र ते पण चालत नाही कारण माझ्या इंटरनेटच्या लाईनवर बटण दाबल्यावर गडी हलेपर्यंत समोरचा टचडाऊन करून, म्हणजे बॉल पार शेवटच्या रेषेपलीकडं नेऊन, नाचून झालेला असतो, त्यामुळं ऑनलाईनबद्दल मी काय बोलत नाही.

किक मारणं सगळ्यात वैतागाचं. मीटर एवढा भुर्रकन जातो की पहिल्या चार किक माझ्या कुठं गेल्या ते कॅमेरामनला पण कळलं नसेल. त्यात मी भडंग खात खेळतो, बोटाला तेल, अंगठा घसरला की तीन पॉइंट गेले. कंट्रोलरच्या स्टिकवर पिवळी खूण झालीय ती आता जात नाही. मेनू पण मठ्ठ आहेत, एका पानावरनं दुसऱ्यावर जाताना अडखळतात, एवढ्या पैशात हे शोभत नाही.

पण वेळ कुठं जातो तर डायनेस्टी मोडमध्ये. तुम्ही कोच, एक कॉलेज घ्यायचं, १३४ पैकी कुठलंही, आणि वर्षानुवर्षं टीम बांधायची. मी कंपनीच्या टीम बिल्डरवर सांगली नावाची टीमच तयार केली, जर्सी हळदीच्या रंगाची (दुसरा कुठला रंग असणार), आणि ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या जागी घुसवली. कॉमेंट्रीवाले काय सांगली म्हणत नाहीत, पण बोर्डावर लिहून येतंय, मला तेवढं बास.

त्यातलं रिक्रूटिंग म्हणजे, मी खरंच सांगतो, स्थळं बघणं आहे. बारावीची पोरं कॉलेजला आणायची. ३५ स्थळांची यादी करायची, दर आठवड्याला ठरावीक तास असतात ते वाटून द्यायचे, याला मेसेज टाक, त्याच्या घरच्यांना आणि मित्रांना गाठ, मग भेटीला बोलव. प्रत्येक पोराची एक हट्टाची अट असते, ती मोडली की विषय संपला. कुणाला घराजवळच पाहिजे, कुणाला पहिल्या वर्षापासनं खेळायलाच पाहिजे, म्हणजे आपल्याकडं पुण्यात फ्लॅट पाहिजे म्हणतात तसं. मग पोरगं यादी कमी करत जातं, टॉप ५, टॉप ३, आणि आपण दर आठवड्याला छातीत धडधड घेऊन बघायचं. मी एका क्वार्टरबॅकच्या मागं नऊ आठवडे होतो. टॉप ३ मध्ये सांगली होती. शेवटच्या आठवड्यात तो ओहायो स्टेटला गेला. मी असा ओरडलो की आई स्वयंपाकघरातनं पळत आली, काय झालं रे. म्हटलं, नाही म्हणाले. कोण? म्हटलं, पोरगं. तिनं गॅस बंद करून शेजारी बसून विचारलं, कुणाचं.

सीझन संपला की ट्रान्सफर पोर्टल उघडतं, त्यात दोन वर्षं घडवलेली पोरं रातोरात दुसऱ्या टीममध्ये जातात. महाराष्ट्रातल्या माणसाला यात काय समजावून सांगायचं राहिलेलं नाही, पुढं जातो.

रोड टू ग्लोरी हा एका खेळाडूचं करिअर खेळायचा मोड, तो मात्र पातळ. हायस्कूलपासनं सुरुवात व्हायची ती काढून टाकलीय, डायरेक्ट कॉलेज. दर आठवड्याला पट्ट्या येतात, अभ्यास करायचा का आराम करायचा का सराव, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी सांभाळ, कोचचा विश्वास वाढव, आणि मग परत तेच. तिसऱ्या आठवड्यात मला कंटाळा आला. अल्टिमेट टीम म्हणजे पत्त्यांची पाकिटं विकत घ्यायचा धंदा, त्याच्या नादाला लागू नका, आधीच डिस्कला सहा हजार गेलेत.

घ्यायचा का? पीएस४ वाल्यांनी विचारूच नका, नाहीच आला. कॉम्प्युटरवर पण नाही. पीएस५ किंवा नवा एक्सबॉक्स असेल आणि हा खेळ अजिबात माहीत नसेल तर एकटे बसून पंधरा दिवस मार खायची तयारी ठेवा. थोडाफार माहीत असेल तर डोळे झाकून घ्या, नुसत्या डायनेस्टीत हिवाळा जाईल.

एक राहिलं. रोड टू ग्लोरीत मी खेळाडूला सच्याचं नाव दिलं, तोच तो बेंगलोरवाला, आणि लेव्हल निवडली सगळ्यात खालची, २ स्टार. त्याला स्क्रीनचा फोटो पाठवला, शर्टाच्या पाठीवर आडनाव, स्वतः बेंचवर बसलेला. आधी खूश झाला, मग २ स्टार का म्हणून भांडला, मग जीपीए ३.४ बघून म्हणाला हा मी नाही, मला एम थ्रीला एटीकेटी होती. आणि काल रात्री मेसेज आला, माझं नाव वापरलंस, सहाशे डॉलर कुठायत. मी म्हटलं गणपतीला आलास की दोन किलो भडंग देतो. केस टाकतो म्हणालाय.