पाच हजार पौंड ओढणाऱ्या एसयूव्हीमागे कोणता ट्रेलर?

अमेरिकेत अनेक मराठी घरांसमोर हायलँडर, पायलट किंवा टेल्युराइड उभी असते. तिघींच्याही माहितीपत्रकात ५,००० पौंड ओढण्याची क्षमता छापलेली असते. हायलँडर हायब्रिड असेल किंवा पायलट टू-व्हील ड्राइव्ह असेल तर मात्र आकडा ३,५०० वर येतो, हे आधी तपासा. कॅम्पिंगसाठी आत झोपता येईल असा ट्रेलर बघायला गेलात की डीलर सांगतो, ‘ट्रेलर रिकामा ३,९०० पौंडांचा आहे, तुमची गाडी सहज ओढेल.’ या वाक्यावर सही करू नका.

रिकाम्या वजनात पाणी नसतं, भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या नसतात, आणि बऱ्याचदा बॅटरीसुद्धा नसते. तीस गॅलन पाणीच अडीचशे पौंडांचं. चौघांच्या कुटुंबाचा ट्रेलर निघेपर्यंत सातशे ते हजार पौंडांनी जड होतो. त्यातला १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडावर, यावाच लागतो. तो कमी पडला तर हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. आणि या वर्गातल्या एसयूव्हींच्या हिचची मर्यादा साधारण ५०० पौंड असते. १३ टक्के धरले तर भरलेला ट्रेलर ३,८०० पौंडांच्या पुढे जाता कामा नये. म्हणून ५,००० विसरा, ३,८०० लक्षात ठेवा.

दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल. समजा तो १,३०० पौंड आहे. आई, बाबा, दोन मुलं ४७५. हिचचं सामान ५०. डिकीतलं सामान १५०. ट्रेलरचा हिचवरचा भार ४९४. झाले ११६९. बसलं. पण जूनमध्ये भारतातून आजी-आजोबा आले की आणखी तीनशे पौंड, आणि हिशेब कोलमडला. गाडीतलं वजन वाढलं की ओढण्याची क्षमताही कमी होऊ शकते, आणि मागची चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यावरचा ताण वाढतो. डोंगराच्या उतारावर तो नको.

आता तीन पर्याय याच हिशेबात बसवून पाहू.

कापडी भिंतींचा पॉप-अप सगळ्यात हलका. भरून २,५०० पौंड धरला तर हिचवर ३२५ येतात, आणि वरच्या उदाहरणात आजी-आजोबांसकट आकडा बरोबर १,३०० ला पोचतो. मिटल्यावर तो बुटका असल्यामुळे वाराही कमी अडवतो, पेट्रोल वाचतं. दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर सरकतात, सहाजण झोपतात. त्रास कापडाचा. पावसात मिटला तर घरी येऊन एक-दोन दिवसांत उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते. शिवाय यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (ट्रेलर उभे करून राहायच्या जागी) अस्वलांमुळे कापडी ट्रेलरला परवानगीच नाही. नवे पॉप-अप आता फार कमी निघतात, त्यामुळे बहुधा जुनाच घ्यावा लागेल.

दुसरा फायबरग्लासचा. मिनेसोटाच्या बॅकसमधला स्कॅम्प आणि टेक्सासच्या राइसमधला कसीटा ही दोन नावं ध्यानात ठेवा. दोन्ही थेट कारखान्यातून विकले जातात. वरचा आणि खालचा असे दोन साचे जोडून कवच बनतं, म्हणून पाणी शिरायला सांधे फारच कमी. सतरा फुटी कसीटाची भरलेल्या वजनाची मर्यादाच ३,५०० आहे, म्हणजे ३,८०० च्या आत. गोल कडांमुळे वाऱ्यातही स्थिर राहतो. जुना झाला तरी किंमत टिकते. पण आत जागा तोकडी: रात्री टेबल पाडून पलंग करायचा, सकाळी पुन्हा टेबल. पोह्यांची फोडणी आत दिली तर पांघरुणांना वास लागणारच. शेगडी बाहेर मांडलेली बरी.

तिसरा बंकहाउस, म्हणजे लाकडी सांगाड्यावर बांधलेला, मुलांसाठी दुमजली बर्थ असलेला. इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात असे असंख्य बनतात. पैशाच्या मानाने जागा सर्वात जास्त आणि मुलांना स्वतःचा कोपरा मिळतो, हे दोन खरे फायदे. पण रिकामा ३,००० पौंडांच्या आसपासचा सोळा-सतरा फुटीच बघा. वीस-बावीस फुटी दाखवला तरी मोहात पडू नका. सपाट, उंच तोंड वारा अडवतं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा असते, ती वाचा. छताचे सांधे दर काही महिन्यांनी तपासून सीलंट भरायचं. एकदा पाणी आत मुरलं की लाकूड कुजतं आणि ते बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जुना घेताना कोपऱ्यातल्या भिंती आणि पलंगाखालची जमीन हाताने दाबून बघा; मऊ लागली तर पुढे बोलणीच नकोत.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं लहान आहेत आणि रॉकीजसारख्या डोंगरांत जायचं आहे, तर फायबरग्लास. मुलं उंच झाली असतील आणि दारावरचा आकडा १,४०० च्या पुढे असेल, तर छोटा बंकहाउस. पॉप-अप त्यांच्यासाठी, ज्यांचं बजेट कमी आहे आणि घरी तो उघडून वाळवायला जागा आहे. आजी-आजोबा दरवर्षी येत असतील तर मोठ्या ट्रेलरसाठी टाहो किंवा एक्स्पिडिशनसारखी मोठी गाडी लागेल. ते परवडत नसेल तर दोघांसाठी त्याच कॅम्पग्राउंडवर केबिन घ्या. केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीत बऱ्याच ठिकाणी मिळते. साठीपुढच्या माणसांना रात्री दुमजली बर्थवरून उतरायला लावण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तरी ती दोघं प्रवासात गाडीतच बसणार असतील, तर त्यांचं वजन हिशेबात धरायचंच.

कोणताही घेतलात तरी ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवाच, आणि पहिल्या सहलीआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) वजन करा. आकडा जास्त आला तर पाण्याची टाकी रिकामी करून निघा, पाणी कॅम्पग्राउंडवर मिळतं.