सही जुळली, म्हणूनच पैसे गेले

मी न लिहिलेला एक चेक माझ्या खात्यातून वटला. महिन्याचा हिशेब तपासताना लक्षात आलं. बँकेत गेले, तर अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका बाजूला माझी नमुना सही, दुसऱ्या बाजूला चेकवरची. "बघा मॅडम, जुळतेय. आम्ही नाकारणार तरी कशी?"

खरंच जुळत होती. क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मग तिथेच तक्रार अर्जावर सही केली, आणि ती जुळेना! नमुना 12 वर्षांपूर्वीचा. आता हात घाईत चालतो, शेवटचा फाटा अर्धवट सुटतो. माझ्या हाताने, त्यांच्यासमोर केलेली सही नापास आणि चोराची पास. त्या दिवशीचा संताप अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर चेकबुक काढलं. मधलाच एक चेक गायब. कागदपत्रांची कामं करून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे माझी फाइल दोन दिवस होती, आणि त्याला मी एक अधिकारपत्रही दिलं होतं, जुन्या नमुन्याबरहुकूम जपून सही करून. त्याची झेरॉक्स आणि चेकची प्रत एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. टिंब, फाटा, खालची रेघ, सगळं एकावर एक बसलं.

हस्ताक्षर तज्ज्ञ म्हणाले, "इतकी जुळते, तिथेच शंका घ्यायची." कुणाच्याही दोन सह्या हुबेहूब सारख्या येत नाहीत. अमेरिकेत सिल्व्हिया हाउलँड यांच्या मृत्युपत्राचा खटला झाला, त्याचा निकाल 1868 चा. त्यात गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी साक्ष दिली होती. वादातली सही आणि खरी सही 30 च्या 30 उतरत्या रेघांत जुळत होत्या, आणि योगायोगाने असं घडणं जवळजवळ अशक्य, असं त्यांनी आकड्यांनी मांडलं. निकाल वेगळ्याच मुद्द्यावर लागला, पण पर्स यांचा मुद्दा पटण्यासारखाच आहे.

मूळ चेक भिंगाखाली पाहिला. खरी सही वेगात होते, तिची टोकं निमुळती होत जातात. इथे रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची, टोकं बोथट, आणि मधे दोन ठिकाणी पेन थांबून पुन्हा टेकवल्याचे ठिपके. काउंटरवर फक्त आकार पाहतात, आणि गिरवणाऱ्याला नेमका आकारच साधतो.

कृपा करून सही केलेला कागद आणि चेकबुक एकाच माणसाच्या हाती देऊ नका. झेरॉक्स देताना कशासाठी दिली ते आणि तारीख सहीवरूनच आडवं लिहा. नमुना सही जुनी असेल तर बदलून घ्या. व्यवहाराचे मेसेज सुरू ठेवा; माझे बंद होते, म्हणून महिना गेला.

पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर मूळ चेक जपून ठेवायला बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. पेनाचा दाब झेरॉक्समध्ये उतरत नाही.