अण्णांची १९९५ची वही आणि चिपळूणचे बायंडर

चिपळूणच्या बाजारपेठेत जुनी पुस्तकं बांधून देणाऱ्या एका काकांकडे मी अण्णांची कात्रणवही दिली होती. ती २२ जुलै २०२१च्या पुरात भिजलेली होती. वाशिष्ठीचा गाळ पानापानांत शिरला आणि सुकल्यावर वही विटेसारखी कडक झाली. आधी दुसरीकडे नेली, तर तिन्ही बाजू मशीनखाली कापून देतो म्हणाले. मी तशीच परत आणली. अण्णा एसटीत कंडक्टर, चिपळूण-गुहागर फेरीवर. रात्री घरी येऊन जे लिहायचे ते कात्रणांच्या समासातच.

काकांनी वही उघडली, चार पानं बघितली आणि म्हणाले, “ताई, कडा नाही कापायच्या. यात माणसाचं अक्षर आहे.”

त्यांनी मऊ ब्रशने गाळ झाडला, पानं एकेक करून सोडवली, जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, नव्याने केली. खळीत मोरचूद घातलाय, कसर लागणार नाही. छापील मजकूर शाबूत आहे, अण्णांची शाई मात्र पसरलीय. तरी वाचता येते. ९ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, एकट्या सरकारच्या नाहीत, असा निकाल दिला. त्याशेजारी अण्णांचं ‘हवा सगळ्यांची’. मार्चमध्ये नांदवीचे मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. ऑगस्टात त्यांच्या सरकारने एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प रद्द केला, तिथे फक्त ‘आज गाडीत दुसरा विषय नाही’.

सगळ्यात जाड पान २४ ऑक्टोबरचं. दिवाळीतल्या अवसेला सूर्यग्रहण. खग्रास पट्टा राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालातल्या डायमंड हार्बरपर्यंत, आमच्याकडे खंडग्रासच. आईने फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवली होती आणि आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. ग्रहणातली ‘हिऱ्याची अंगठी’, म्हणजे झाकलेल्या सूर्याच्या कडेला लखलखणारा ठिपका, पडद्यावर चमकली तेव्हा अण्णांनी माझा हात घट्ट धरला, तो मला अजून जाणवतो. त्यांचा पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा त्याच पानाला चिकटवलेला होता. काकांनी तो अलगद सोडवून त्याच्यासाठी कापडी खिसा शिवला, आणि वही फुगून उसवू नये म्हणून शिवणीत कागदाच्या अरुंद पट्ट्या घातल्या. हे मी सांगितलं नव्हतं.

तक्रार एकच. तीन आठवडे म्हणाले होते, अडीच महिने लागले, आणि फोन उचलत नाहीत. स्वतः जाऊन विचारावं लागतं. सातशे रुपये घेतले, तेवढ्या कामाला मला कमीच वाटले.

गणपती दूध प्यायल्याची, २१ सप्टेंबरची दोन पानं सुटली नाहीत. ओढली तर फाटतील म्हणून त्यांनी ती तशीच एकत्र शिवली आणि देताना आधी तेच पान उघडून दाखवलं.

कात्रणं, हिशेबाच्या वह्या, पोथ्या असतील तर इथेच न्या. पावसाळ्याच्या आधी न्या.