बक्षीस एकच असेल तर: ‘बार्न’ की गुइफी?

वेगवान इंटरनेट दूरवर पोचवणाऱ्या प्रकल्पाला गौरवायचं ठरलं, की निवड समितीपुढे आधी वेगाचे आकडे येतात. ते जरा बाजूला ठेवा. अमुक इतक्या घरांसमोरून केबल गेली, हा आकडाही फसवा असतो. दारावरून गेलेली केबल आणि घरात चालू असलेलं कनेक्शन यांत फार अंतर असतं. विचारायचं ते जोडणी घेतलेल्या घरांबद्दल.

या कसोटीवर दोन प्रकल्प शेजारी ठेवून बघू.

इंग्लंडमधल्या लँकशरमध्ये २०११ साली ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’, थोडक्यात ‘बार्न’, सुरू झालं. गावकऱ्यांनी शेअर घेतले, काहींनी पैशांऐवजी श्रम देऊन. रस्ता खणणं महाग, म्हणून चर शेतांतून काढले आणि शेतकऱ्यांनी जागेचं भाडं मागितलं नाही. चरात रिकामी नळी पुरायची, मग दाबाच्या हवेने तिच्यातून केसासारखा बारीक फायबर, म्हणजे प्रकाशातून डेटा नेणारी काचेची तार, पुढे ढकलायचा. सुरुवातीला महिना ३० पौंडांत घरोघरी सेकंदाला १ गिगाबिट वेग मिळाला, अपलोडलाही तेवढाच. शहरातल्या माणसालाही हेवा वाटावा असं हे काम आहे!

गुइफी हे स्पेनमधल्या कॅटलोनियाचं इंटरनेटचं जाळं, ओसोना भागात २००४ मध्ये सुरू झालेलं. आधी छपरांवर वायफायचे अँटेना आले, एका छपरावरून दुसरं थेट दिसेल असे बसवलेले. मध्ये झाड वाढलं तरी सिग्नल ढासळतो. फायबर नंतर आला. त्यामुळे वेग घरागणिक कमी-जास्त, आणि तिथे ‘बार्न’ सरळ पुढे आहे. पण जाळं कुणा एकाच्या मालकीचं नाही. नियम मान्य करून कुणीही जोडून घ्यावं, पुढे वाढवावं. त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्यांनाही मुभा आहे, फक्त देखभालीच्या खर्चाचा वाटा उचलावा लागतो. एका कंपनीची सेवा आवडली नाही, तर त्याच जाळ्यावर दुसरी घेता येते.

या दोघांपलीकडे तिसरं नाव सुचेल ते स्टोकाबचं. स्टॉकहोमची ही कंपनी १९९४ पासून शहरभर नुसता फायबर टाकून, स्वतः इंटरनेट न विकता, सगळ्या कंपन्यांना भाड्याने देते. कल्पना उत्तम, पण मागे महापालिका उभी आहे. अशा प्रकल्पाला बक्षिसाचा वेगळा गट हवा.

घरात काय पोचलं याला बक्षीस द्यायचं असेल, तर ‘बार्न’ला द्या. इतरांना गिरवता येईल अशा वाटेला द्यायचं असेल, तर माझं मत गुइफीला. फुकट वाट देणारे इतके शेतकरी सगळीकडे भेटत नाहीत. गुइफीची सुरुवात मात्र दोन छपरांवरूनही होते. युरोपीय आयोगाच्या २०१५ च्या ब्रॉडबँड पुरस्कारांत गुइफीचा गौरव झाला, तोही आर्थिक रचनेतल्या नावीन्याबद्दल, आणि तो मला अगदी रास्त वाटतो.

मत देण्याआधी एक मात्र करा. दोन्हीकडच्या सगळ्यांत शेवटी जोडलेल्या घरी रात्री आठला, सगळे ऑनलाइन असताना, वेग मोजून घ्या.